सेकंदाला पाच

दोष पहिल्यांदा दिसला तेव्हा हर्षदा मगदूम मेथी निवडत होती. संकेश्वरच्या पुढचा सरळसोट रस्ता, दोन्ही अंगांना ऊस, मांडीवर परात आणि शेजारी स्टिअरिंगवर नवरा. डॅशबोर्डवरची पेटी ‘टुक’ असा एकदाच आवाज करून गप्प झाली.

“काय म्हणतीय माझी दुसरी बायको?” रस्त्यावरची नजर न काढता जयवंतनं विचारलं.

हर्षदानं हात पदराला पुसले आणि पडद्यावर वाकून बघितलं. “स्टिअरिंगच्या मोटारीत थरथर आहे म्हणती. सेकंदाला पाच.”

“माझ्या हाताला तर काय लागंना.”

“तुमच्या हाताला लागायच्या आधी कळावं म्हणूनच बसवलीय तिला.”

“मग पहिलीच बरी. ती निदान भाजी तरी निवडती.”

हर्षदा हसली आणि तिनं मेथीची पुढची काडी उचलली. स्टिअरिंगचा दोष म्हणजे गंमत नाही हे तिला ठाऊक होतं. पण दोष म्हटलं की तिला भीती वाटायच्या आधी हुरूप यायचा. माणसं शब्दकोडं सोडवतात, ती बिघाड सोडवायची.

जयसिंगपुरात वडिलांचं जळक्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. आठवीपासून ती तिथं तांब्याची तार गुंडाळत बसायची. शाळा दहावीत सुटली, तार सुटली नाही. जयवंत एसटीत ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षांत एकही अपघात नाही, आणि त्याबद्दल मिळालेला बिल्ला निवृत्तीनंतरही त्याच्या शर्टावर असायचा, अगदी दूध आणायला जातानासुद्धा. मग दुकान आणि मागचं घर दोन्ही रस्तारुंदीत गेलं. नुकसानभरपाईत एखादा फ्लॅट आला असता. पुण्याच्या लेकीनं, ऋचानं, तो पसंतही करून ठेवला होता. या दोघांनी घेतली घरगाडी. विजेवर चालणारी, छतावर सौरपत्रे, पुढं स्वयंपाकघर, मागं पलंग आणि पलंगाखाली तार गुंडाळायचं यंत्र. गावोगावी शेतातले पंप जळत होते. कंपन्या म्हणायच्या, नवीन घ्या. हर्षदा म्हणायची, आणा इकडं.

“आई, घराला चाकं असली की घर पंक्चर होतं,” ऋचा फोनवर म्हणायची.

“फ्लॅटला काय होत नाही म्हणतीस? तुमची लिफ्ट पंधरा दिवस बंद आहे,” हर्षदा ऐकवायची.

गाडीत एक वाटणी मात्र पक्की होती. चालवायचं त्यानं, दुरुस्त करायचं तिनं. पहिल्याच महिन्यात जयवंतनं एक नट स्वतःच्या जोरावर आवळून त्याचे आटे घालवले होते, आणि हर्षदानं गाडी मागं घेताना कागलात एका दवाखान्याच्या कंपाउंडची भिंत पाडली होती. त्या संध्याकाळी दोघांनी तह केला. पान्याला तो हात लावणार नाही, स्टिअरिंगला ती नाही. परवाना दोघांच्याही नावावर होता. तिचा डब्यात पडून होता. पाच वर्षांत तह एकदाही मोडला नव्हता आणि त्यावरून भांडणही झालं नव्हतं. एवढं सगळ्याच संसारांबद्दल म्हणता येत नाही.

*

त्या पेटीचं खरं नाव लांबलचक होतं. सगळे तिला ‘नाडी’ म्हणायचे.

विजेवर चालणारी कुठलीही वस्तू गुपचूप वीज पीत नाही. पंप पाणी ओढताना एका लयीत करंट घेतो, फ्रिज दुसऱ्या, पंखा तिसऱ्या. बेअरिंग झिजलं की मोटार दर फेऱ्याला एकदा अडखळते आणि तेवढ्यापुरता घोटभर जास्त करंट ओढते. तो घोट इतका लहान असतो की दिवा लुकलुकत नाही, पण तारेत त्याची खूण उमटते. बॅटरीच्या मुख्य केबलभोवती एक कडं बसवलं की या सगळ्या लयी एकदम ऐकू येतात आणि नाडीतलं गणित त्या एकमेकींपासून सोडवून घेतं. भजनात दहा टाळ वाजत असले तरी कुणाचा अर्ध्या ठोक्यानं मागं पडतोय ते बुवांना बरोबर कळतं, तसंच काहीसं. हर्षदा दुकानात हेच करायची, फक्त स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून.

मोठ्या गाड्यांना नाडी सक्तीची झाल्याला चार वर्षं झाली होती. घाटातले अपघात निम्म्यावर आले असं सरकार म्हणत होतं, आणि ते खरंही असावं. नियम सोपा होता. स्टिअरिंगचा किंवा ब्रेकचा दोष निघाला की तीस दिवसांची मुदत. दोष मिटला की नाडी एकच प्रश्न विचारायची, ‘कोणता भाग बदलला?’ तो भरला की झालं. नाही मिटला तर एकतिसाव्या दिवशी ती परिवहन कार्यालयाला आपणहून कळवायची आणि गाडी जिथं असेल तिथं उभी.

दुसऱ्यांची गाडी उभी राहिली तर ती माणसं रिक्षानं घरी जातात. मगदूमांचं घरच उभं राहणार होतं.

*

पहिल्या आठवड्यात हर्षदानं चाकांचा तोल तपासला. बरोबर होता. मग स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे बदलले. थरथर तशीच.

मग तिनं वही काढली. ती रोज शेजारच्या सीटवर बसायची, पडद्यावरची रेघ बघायची आणि लिहून ठेवायची. दहा दिवसांनी वहीत दोन विचित्र गोष्टी जमल्या. पहिली, गाडी तीसनं जावो की साठनं, थरथर सेकंदाला पाचच. चाकाचा दोष असता तर वेगाबरोबर वाढला असता. गाडीत फिरणारी एकही वस्तू अशी नव्हती जी वेगाकडं इतकं दुर्लक्ष करील. दुसरी, वळणावर थरथर नाहीशी व्हायची. भुदरगडाच्या बाजूला सगळा वळणांचा रस्ता, तिथं रेघ साफ. सरळ रस्ता लागला, जयवंत जरा सैलावून बसला, की सुरू.

“सरळ रस्त्यावर येतो आणि वळणावर जातो, असा कसला दोष?” ती गाडीखालून ओरडली. बाहेर फक्त तिचे पाय दिसत होते.

“आमच्या एसटीतल्या रायभान साहेबासारखा,” जयवंत उकिडवा बसून बॅटरी धरत म्हणाला. “डेपोत असला की कटकट. लाईनवर गेलं की गायब.”

“बॅटरी नीट धरा. उजेड हलतोय.”

त्यानं बॅटरी उजव्या हातात घेतली. “सापडलं काय गं?”

हे तो दिवसातनं तीनदा विचारायचा. सकाळी चहा देताना, दुपारी, आणि ती हात धुवायला आली की. इतक्या वर्षांत गाडीच्या पोटात काय चाललंय याची त्यानं कधी चौकशी केली नव्हती. हर्षदाला बरं वाटायचं. म्हातारपणी माणूस सुधारतं म्हणायचं, असं तिनं ऋचालाही सांगितलं.

मोटारीच्या कंट्रोलरमधला एक कपॅसिटर तिला फुगल्यासारखा वाटला, तो बदलला. तरी पाच. मग एकच जागा उरली, रॅक. स्टिअरिंग फिरवलं की दातेरी पट्टी डावी-उजवीकडं सरकते आणि चाकं वळतात, तीच ती. माणूस बहुतेक वेळ सरळच गाडी चालवतो, त्यामुळं पट्टी मधोमध झिजते. सरळ असताना ढिली, वळणावर घट्ट. वहीतली दुसरी गोष्ट तंतोतंत जुळत होती. पहिली जुळत नव्हती. पण मुदतीचे अठरा दिवस गेले होते, आणि अशा वेळी माणूस जुळलेल्या गोष्टीकडं जास्त वेळ बघतं.

रॅक बसवणं एकट्या माणसाचं काम नव्हतं. ते गडहिंग्लजला गेले, दस्तगीर मिस्त्रीकडं.

*

दस्तगीर मिस्त्रीनं आयुष्यभर गाड्यांचं पुढचं अंग सोडून कशाला हात लावला नव्हता. “मागं काय व्हायचं ते होऊ दे वैनी, माणूस पुढं बघून चालतंय,” असं त्याचं तत्त्व होतं. जुनी पट्टी काढून त्यानं मधल्या दात्यांवरनं अंगठा फिरवला.

“झिजलीय?” हर्षदानं विचारलं.

“झिजलीय म्हणायला झिजलीय. आपण काय कमी झिजलोय काय?”

दुपारपर्यंत नवी रॅक बसली. जयवंत बाजारात हरभऱ्याची भाजी आणायला गेला होता. दस्तगीर हात पुसत म्हणाला, “बसा वैनी, एक चक्कर टाकून येऊ.”

ती डाव्या सीटवर बसली. दस्तगीरनं गाडी बाहेर काढली आणि सरळ रस्त्याला लावली. तीस, चाळीस, पन्नास. पडद्यावरची रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी होती. हर्षदानं श्वास रोखून एक किलोमीटर बघितलं, मग दुसरा.

“बघा,” दस्तगीर म्हणाला, “बाळ झोपलं.”

तिला इतका आनंद झाला की परत आल्यावर तिनं मिस्त्रीच्या बायकोला पाट्याची चटणी बरणीभर दिली. जयवंत आला तेव्हा ती म्हणाली, “सापडलं. रॅकच होती.”

“खरं?”

“मी स्वतः बघितलं. रेघ साफ.”

“मग आता काय नाही?”

“काही नाही.”

जयवंतनं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि चेहरा दोन्ही हातांनी पुसला. एवढी काळजी करत होता होय, तिच्या मनात आलं.

गावाबाहेर मुक्कामाची जागा पाच किलोमीटरवर होती. तो स्टिअरिंगवर बसला, शीळ घालत. रस्ता सरळ होता. दुसऱ्याच किलोमीटरला रेघ हलली. हलक्या लाटा, सारख्या अंतरावर. सेकंदाला पाच.

हर्षदा पडद्याकडं बघत राहिली. नवी रॅक. नवे सांधे. नवा कपॅसिटर. दस्तगीर चालवतो तेव्हा नाही. तिनं मान वळवली नाही, नुसती नजर पडद्यावरनं खाली नेली.

जयवंतचा डावा हात स्टिअरिंगच्या वर्तुळावर सैल पडला होता. त्याचा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता. समईसाठी वात वळावी तसा. कापूस नव्हता, पण बोटं वळतच होती.

तह झाल्यापासून आजपर्यंत तिच्याशिवाय या गाडीच्या दुरुस्तीला कुणी बसलं नव्हतं आणि त्याच्याशिवाय ती कुणी चालवली नव्हती. म्हणून तिनं गाडीतली एकेक वस्तू बदलून बघितली, माणूस बदलून बघायचं तिला सुचलंच नाही. नवशिक्या पोरालाही दुकानात ती पहिल्याच दिवशी सांगायची, मोटार तपासायच्या आधी तिला वीज कुठनं येते ते बघ.

“काय गं, गप्प का?” जयवंत म्हणाला.

“काही नाही. चटणी सगळी दिली की काय, ते आठवतीय.”

*

तिनं जयवंतला काही विचारलं नाही. नाडीच्या जुन्या नोंदी काढल्या आणि वाचायला मिळेल ते वाचलं. हात कामात असला की थांबणारी आणि विसावला की येणारी थरथर. सेकंदाला चार ते सहा. एका बाजूनं सुरू होते. मेंदूत एक द्रव्य कमी पडतं म्हणून. औषधं आहेत, पूर्ण बरं करणारं अजून नाही. लिहिणाऱ्यांनी सगळं नीट लिहिलं होतं. बिल्ला लावून दूध आणायला जाणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं, तेवढं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मुदतीचे नऊ दिवस उरले होते. आणि तिला एक गोष्ट येत होती.

स्टिअरिंगच्या कंट्रोलरला गाळणी लावता येते. ठरावीक गतीची थरथर आली की मोटार तिला उलटा धक्का देते आणि ती मिटते. ना हाताला कळते, ना नाडीला. अर्ध्या तासाचं काम. वळणं तर त्याला जमतच होती. हात कामात असला की स्थिरच होता. मग बिघडलं कुठं? सरळ रस्त्यावर बोटं जरा वात वळतात, वळू देत. अजून वर्षभर, फार तर दोन. चष्मा नाही का लावत माणूस, असं ती स्वतःला म्हणाली. स्वतःला पटवायला तिला अर्धा तासही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयवंत मुक्कामावरच्या चिंचेखाली रेडिओ ऐकत पडला होता. तिनं कंट्रोलरला तार जोडून गाळणी भरली. पण नुसती गाळणी भरून भागणार नव्हतं. त्याला काहीतरी दुरुस्त झालेलं दिसायला हवं होतं. म्हणून तिनं जॅक लावला, पुढचं डावं चाक उतरवलं, आत कशाला तरी वंगण दिलं आणि चाक परत बसवलं. लग्नाच्या तीस वर्षांत तिनं खोटं काम केलेलं हे पहिलंच.

“सापडलं काय गं?” तो उठून आला.

“रॅकचं बुश तिरकं बसवलं होतं दस्तगीरनं. केलं सरळ.”

“आता नाही येणार?”

“नाही.”

नाडीनं विचारलं, कोणता भाग बदलला? तिनं बुश असं लिहिलं. लाल ठिपका हिरवा झाला. जयवंतनं तिच्या केसांत अडकलेलं चिंचेचं पान काढलं. हर्षदाला वाटलं, आपण चांगलं केलं.

*

दोन दिवसांनी ते आंबोली घाट उतरून सावंतवाडीकडं जायला निघाले. खाली माडाच्या बागांतले चौदा पंप तिची वाट बघत होते. आजरा मागं पडला. रस्ता जंगलातनं जाऊ लागला, मोकळा आणि बऱ्यापैकी सरळ. जयवंत चाळीसनं चालला होता. नाडीवरची रेघ दोऱ्यासारखी होती.

पण तो शीळ घालत नव्हता. दोनदा त्यानं सीट मागंपुढं केली. एकदा दोन्ही हात उचलून परत ठेवले.

“स्टिअरिंग मेलंय गं,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“रस्ता कळंना. खडी आली, डांबर आलं, पाटी धरल्यागत सारखंच.” आणखी थोडं पुढं जाऊन त्यानं इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली. “मुक्या स्टिअरिंगवर मी घाट उतरायचा नाही. काय केलंयस तू?”

“बुश...”

“हर्षे, अठ्ठावीस वर्षं हातात धरलंय हे. काय केलंयस?”

बाहेर कुठंतरी पाखरू ओरडत होतं. हर्षदानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“गाळणी बसवलीय.”

“कसली?”

“सेकंदाला पाचची.”

त्यानं हात स्टिअरिंगवरनं काढून मांडीवर ठेवले. म्हणाला, “म्हणजे कळलं तुला.”

“तुम्हाला...?”

“दिवाळीच्या आधीपासनं. बेळगावला दाखवून आलो होतो. तू त्या बोअरच्या मोटारी भरत होतीस तेव्हा. दाढ काढायला गेलो म्हणून सांगितलं नव्हतं काय?”

“आणि ती दाढ?”

“जाग्यावर हाय.”

तिला रडू यायला हवं होतं, पण राग आला. “चार महिने लपवलंत! तीन आठवडे मी गाडीखाली झोपून ग्रीस खातीय, आणि तुम्ही बॅटरी धरून विचारताय, सापडलं काय गं? लाज नाही वाटली?”

“वाटली की. पण विचारल्याशिवाय राहवंना.” त्यानं डावा हात उजव्या हातात धरला. “डॉक्टर म्हणाला, मोठी गाडी बंद करा. औषध देतो, बाकी सगळं करा. मी ऐकून घेतलं. पण मग ही पेटी बोलली आणि तू चाक खोलून बसलीस. मला वाटलं, तुला काय ना काय सापडेलच. तुला सापडलं नाही असं कधी झालंय? रॅकमध्ये दोष निघाला तर डॉक्टर चुकला. दस्तगीरकडं तू म्हणालीस ना, सापडलं... तेव्हा मी बरा झालो होतो गं. पाच मिनिटं.”

हर्षदाला भाजीची पिशवी खाली ठेवून चेहरा पुसणारा तो माणूस आठवला. जयवंत दार उघडून खाली उतरला.

ड्रायव्हर खाली उतरला की गाडीभोवती एक फेरी मारतो. त्याला विचार करायची गरज नसते, पाय आपोआप जातात. ती बसल्या जागेवरनं त्याला आरशात बघत होती. मागं गेला, वळला, डाव्या बाजूनं पुढं आला. पुढच्या चाकापाशी वाकला. आणि वाकलेलाच राहिला.

“हर्षदा. खाली ये.”

त्यानं पूर्ण नाव घेतलं तशी ती लगेच खाली उतरली. चाकाचा एक नट तो दोन बोटांनी फिरवून दाखवत होता. शेजारचाही फिरत होता. सहातले दोन ढिले. तिसऱ्यानं नुकती जागा सोडलेली.

चाक काढून बसवलं की पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे, हा तिचाच नियम. इतरांना तर ती वाटेत थांबून आवळायला लावायची. पण ते चाक तिनं दुरुस्तीसाठी काढलंच नव्हतं; दाखवण्यासाठी काढलं होतं. जे काम खोटं, त्याचा नियम कसा लक्षात राहणार?

आणि ढिल्या चाकाची चुळबुळ नाडीनं सांगायला हवी होती. हर्षदानं मनातल्या मनात हिशेब मांडला, आणि तो अगदी सोपा निघाला. एका फेऱ्यात हे चाक सव्वादोन मीटर जातं. ताशी चाळीसला सेकंदाला पाच फेरे. चाक दर फेऱ्याला डगमगत होतं, सेकंदाला पाच. तिच्या गाळणीनं नवऱ्याचा हात आणि सुटत चाललेलं चाक यांत काही फरक केला नव्हता. दोन्ही सारख्याच मायेनं मिटवले होते.

“पुढं घाट होता,” ती म्हणाली.

“होता.”

“मी मारलं असतं आपल्याला.”

“मारलं असतंस,” जयवंत म्हणाला. “मी पण तेच करत होतो की. तू जरा नीट, हिशेबानं केलंस.” त्यानं हात पुढं केला. “पाना दे.”

“तुम्ही?”

“दे गं. तह मोडलाय आता.”

तिनं पाना दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि एकाआड एक नट आवळायला घेतले. ती हाताकडं बघत होती. मुठीत पाना होता तोवर डावा हात खांबासारखा स्थिर होता.

“जास्त जोर नको, आटे जातील.”

“झाली सुरू.”

*

गाळणी तिनं तिथंच काढून टाकली. मग नाडीचा मिटवलेला दोष पुन्हा उघडला. लाल ठिपका आला. खाली आठवण होती, मुदतीचे सहा दिवस बाकी. कोणता भाग बदलला? बोट पडद्यापाशी नेऊन ती थांबली. भागांची लांबलचक यादी होती आणि शेवटी ‘इतर’.

“सरक,” जयवंत म्हणाला. त्यानं ‘इतर’ दाबलं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘चालक’. शर्टावरचा बिल्ला पडद्याच्या काचेत उलटा दिसत होता. ठिपका हिरवा झाला. कार्यालयाला काय कळायचं ते कळलं. इतकं लहानसं काम होतं ते.

“घाट नको आज,” तो म्हणाला. “आजऱ्याला परत जाऊ. बागवाल्यांना कळव, आठ दिवस लागतील म्हणावं.”

“कोण नेणार आजऱ्याला?”

तो डाव्या दारानं चढून तिच्या सीटवर बसला आणि कुठं काय आहे ते शोधल्यासारखं इकडंतिकडं बघू लागला.

“अहो, मला नाही येत. मी दवाखाना पाडलाय!”

“भिंत. दवाखाना शाबूत हाय. बस.”

ती बसली. सीट तिच्यासाठी फारच मागं होती, पुढं घेतली. काच उंच वाटत होती आणि रस्ता अरुंद. गाडी उलट दिशेला वळवायची होती. जयवंत परत खाली उतरला आणि मागं गेला. आणि मग पत्र्यावर थाप पडली. एसटीचे कंडक्टर मारतात तशी, उघड्या पंजाची.

“येऊ दे... येऊ दे... डावं मार. डावं म्हणजे तुझं डावं! येऊ दे... बास!”

पुढं. मागं. पुढं. सात वेळा. एक दुधाचा टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवल्यावर जयवंतनं त्याला असा हात दाखवला की त्यानं इंजिनच बंद केलं. आठव्यांदा गाडीचं तोंड आजऱ्याकडं झालं. जयवंत धापा टाकत वर आला.

“आता?”

“आता जा की. रस्ता पुढंच हाय.”

पंधरा. अठरा. वीस. झाडं दोन्ही बाजूंनी फारच वेगानं येतात असं तिला वाटलं. मागं टेम्पो सरपटत होता. चाकाखालची खडी तिच्या तळव्यांपर्यंत येत होती. स्टिअरिंग बोलतं म्हणजे काय ते तिला आज कळत होतं. समोरनं एसटी येताना दिसली तशी तिनं वर्तुळ असं आवळलं की बोटं पांढरी पडली. एसटी गेली.

टुक.

“बघा काय ते,” तिनं मान न हलवता सांगितलं. “नट?”

जयवंत वाकला. चष्मा वर केला. परत वाकला. त्याचे खांदे हलायला लागले, आणि हा रडतोय की काय म्हणून तिचा पाय ब्रेकवर गेला. तो हसत होता.

“स्टिअरिंगच्या मोटारीत थरथर. नवीन दोष. सेकंदाला नऊ.”

“नऊ? हे कुठनं आलं?”

“तुझ्या हातातनं. भीती वाटतीय तुला, मगदूमबाई. माझं पाच, तुझं नऊ. पहिल्याच दिवशी पुढं गेलीस.”

“गप्प बसा. वळण आलंय.”

“आलंय तर घे. पाय उचल. हळू... हं. बघ, घेतलंस की.” वळण सरलं. त्याचं बोट अजून पडद्यापाशीच होतं. “काय लिहू? मिटवून टाकू हा दोष?”

हर्षदानं वेग बघितला. बावीस झाला होता.

“राहू दे उघडा,” ती म्हणाली. “तीस दिवस आहेत की.”